खालच्या कप्प्यातले सहा उंदीर

७ एप्रिल, सोमवार

दोन ओळी. प्राणीघराच्या रजिस्टरात मला रोज लिहायला दोन ओळींची जागा आखून दिली आहे, आणि त्या दोन ओळींत काय लिहायचं नाही तेही केदार सरांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. "मावशी, मागच्या महिन्यात तुम्ही लिहिलंत, सोळा नंबर आज भिंतीकडे तोंड करून बसला, त्याचं काहीतरी बिनसलंय. असलं लिहायचं नाही. पिंजरे धुतले, भुसा बदलला, बाटल्या भरल्या. तारीख, सही. बास." चौथी पास बाईने उंदराचं तोंड कुठे होतं ते लिहिलं तर विज्ञानाला विटाळ होतो म्हणे. एकतीस वर्षं या संस्थेत झाडू मारून रिटायर झाले. ठेकेदाराने परत बोलावलं म्हणून आले. हात ठेकेदाराला दिलेत, डोळे दिलेले नाहीत.

म्हणून ही वही. नातीची, अवनीची. गणिताची आहे, निम्मी कोरी होती. म्हणाली, "आजी, तू काय लिहिणार?" म्हटलं, रजिस्टरात मावत नाही ते.

आजपासून वल्लरीचं काम सुरू झालं. वल्लरी म्हणजे कर्वेनगरची ती काडीसारखी मुलगी. पीएचडीचं सहावं वर्ष. केदार सर तिचे गाइड. सगळे मला मावशी म्हणतात, ही एकटी आजी म्हणते. मी हरकत घेतलेली नाही.

चोवीस उंदीर आहेत. पांढरे, लाल डोळ्यांचे, एका पिंजऱ्यात एक. बारांना हिरवं कार्ड, बारांना लाल. कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, त्यामुळे नंबर सगळे उलटसुलट. हिरवे एका खोलीत, लाल शेजारच्या खोलीत. लालांची मांडणी दोन कप्प्यांची, सहा वर, सहा खाली.

हिरव्यांना काही करायचं नाही. लालांना सहा आठवडे छळायचं. मी विचारलं, कशासाठी?

"त्यांना उदास करायचंय, आजी."

"आणि मग?"

"मग उदास झाल्यावर मेंदूत काय होतं ते बघायचं."

माणसं कमी पडली वाटतं.

९ एप्रिल, बुधवार

छळाची यादी दारामागे चिकटवली आहे. एक दिवस पिंजरा तिरका करून ठेवायचा. एक दिवस भुशात पाणी ओतायचं. एक दिवस रात्रभर दिवा चालू. एक दिवस पाणीच नाही. एक दिवस मोठा आवाज. आणि कोणत्या दिवशी काय ते उंदराला आधी कळता कामा नये. वल्लरी म्हणाली, "सारखं तेच केलं तर त्यांना सवय होते आजी, मग ताण येत नाही. कधी काय होईल ते कळलं नाही की खरा ताण."

"माझी सासू न शिकता हे करायची," मी म्हटलं. हसली. दात चांगले आहेत तिचे, दिसत नाहीत फारसे.

माझं काम सकाळी सातला. लालांचा ओला घाणेरडा भुसा काढायचा, पिंजरा पुसायचा, कोरडा भुसा घालायचा. तोवर उंदीर रिकाम्या पिंजऱ्यात ठेवायचा असा नियम आहे. रिकामा पिंजरा लोखंडासारखा गार असतो आणि हा भिजलेला, अंगाची नुसती दोरी झालेली. संस्थेचा ॲप्रन माझ्या पोटावर बंद होत नाही, म्हणून पदर पुढे घेऊन खोचलेलाच असतो. ओटीत टाकला. आधी थरथरला, मग नाक आत खुपसून गप्प. हातमोजे होतेच हातात. पाठीवरून बोट फिरवलं. पिंजरा होईतो तीन-चार मिनिटं. मग आत सोडला. त्याचा त्रास आदल्या रात्रीच यादीप्रमाणे झालेला होता, मी त्यात काही कमी केलं नाही.

खालच्या सहांचं असं करते. वरच्यांसाठी स्टूलवर चढावं लागतं आणि उजवा खांदा वर जात नाही. तिथे नियमाप्रमाणे. धरला की टाकला रिकाम्या पिंजऱ्यात, मोकळी.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. उंदरांना सुट्टी नसते. सहाला निघाले, पांढरी साडी, निळा काठ. चेतन म्हणाला, "आई, आजच्या दिवशी तरी." म्हटलं, बाबासाहेबांनी काम टाळायला सांगितल्याचं तुला कुठे सापडलं ते दाखव. माझा डबा आणून हातात दिला. माझा मुलगा आहे, वाद कुठे थांबवायचा ते त्याला कळतं.

नव्या साडीच्या ओटीत उंदीर घ्यायचा का, असा एक क्षण विचार आला. घेतला. बावीस नंबरचा, कान फाटलेला. तो आता दार उघडलं की मागच्या पायांवर उभा राहतो. आधी कोपऱ्यात पळायचा.

अकराला परत घरी, मांजरी गावात. मिरवणूक संध्याकाळी. कचरू असता तर निळा फेटा बांधून सकाळपासून दारात उभा राहिला असता, मिरवणुकीला अजून सात तास आहेत हे सांगूनही. दहा वर्षं होऊन गेली त्याला जाऊन. तो गेल्यावर दीड वर्ष मी बिनपगारी रजेवर, अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून होते. लोकांना वाटलं दुःख. मला तर नुसता थकवा वाटायचा. चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायचे, साखर घातली तरी चवच लागायची नाही, मग फुकट कशाला. त्यात चैतालीची बाळंतपणाची रजा संपली. सुनेने मला विचारलं नाही, सवरलं नाही. चार महिन्यांची अवनी माझ्या मांडीवर टाकली, म्हणाली, "आई, माझी बस चुकेल," आणि गेली. अशी सून. आता विचारल्यावर म्हणते, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता." हो, म्हणालेच असते.

२४ एप्रिल, गुरुवार

वल्लरीने डबा आणायचं बंद केलं आहे. दुपारी बिस्किटाचा पुडा फोडते, दोन खाते, उरलेला मला देते. बिस्किटं चांगली आहेत, पण हे बरं नाही.

आज तिला विचारलं, शेवटी यांच्या मेंदूत बघायचं काय असतं? खुर्ची ओढून बसली आणि चांगलं समजावलं. मेंदूत एक पदार्थ असतो, त्याचं नाव चार इंग्रजी अक्षरांचं. तो असला की मेंदूच्या पेशींना नव्या फांद्या फुटतात आणि जुन्या टिकून राहतात. ताण फार दिवस चालला की तो कमी होतो, फांद्या आखडतात. मग उंदीर गोड खात नाही, धडपड करत नाही, बसून राहतो. माणसाचंही बरंचसं असंच असावं, पण सगळं अजून नक्की कळलेलं नाही.

"म्हणजे खत," मी म्हटलं.

"तसंच काहीसं."

"मग सरळ खत म्हण की. आणि ते बाजारात मिळत नाही?"

"मिळालं असतं तर मीच घेतलं असतं, आजी."

चेष्टेत म्हणाली. मी हसले नाही. तिच्या टेबलावर फोन होता, तो बोलता बोलता चार वेळा वाजला. चारही वेळा सर. एकदा मीटिंग उद्या, एकदा मीटिंग आत्ता, एकदा मीटिंग रद्द, एकदा तू कुठे आहेस.

ही यादी मी कुठेतरी वाचली आहे. दारामागे.

५ मे, सोमवार

उकाडा असा की हिरव्या कार्डाचेही उदास झाले असतील. प्राणीघरात मात्र एसी. माझ्या वयाच्या किती बायकांना दिवसभर एसीत बसायला मिळतं? उंदरांच्या जिवावर माझा उन्हाळा थंड. मी सुखात आहे, लिहून ठेवते. पुढे कुणी विचारलं तर पुरावा.

खालचे सहाही आता ओळखतात. सतरा नंबर तर ओटीत उलटा होऊन पोट दाखवतो. लाज नाही. वरचे सहा मात्र मी हात घातला की मागे सरतात, चावायलासुद्धा येत नाहीत. चावला असता तर बरं वाटलं असतं.

हे रजिस्टरात लिहिलं नाही. सरांचा हुकूम आहे. पिंजरे धुतले, भुसा बदलला, बाटल्या भरल्या.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात वंदनेला जाऊन मग संस्थेत आले. खीर नेली होती, दूध आटवून, वेलची घालून, आमच्याकडे करतात तशी. वल्लरीला वाटी भरून दिली. दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला.

"कमी गोड झाली का?"

"नाही आजी, छान आहे. मला गोड नको वाटतं हल्ली."

चहाही बिनसाखरेचा घेते, हे मी महिनाभर बघते आहे. वाटलं वजनासाठी. पण त्या मुलीच्या अंगावर वजन आहे कुठे?

वाटी धुताना मनात आलं, हिलाही कुणीतरी लाल कार्ड लावलं आहे, फक्त ते दिसत नाही.

१६ मे, शुक्रवार

साखरपाण्याची परीक्षा झाली. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, एकीत साखरेचं. मध्ये एकदा जागा बदलायची, नाहीतर उंदीर सवयीने एकाच बाजूला पितो. सकाळी दोन्हींचं वजन करायचं. धड असलेला उंदीर गोडाकडे जातो. उदास झालेल्याला दोन्ही सारखंच.

मी साखरपाणी चाखून बघितलं. पाण्याला साखरेची नुसती ओळख करून दिली आहे. हिच्या हातच्या चहाला पाहुणे बोलावले तर परत येणार नाहीत.

वजनं तिने घेतली, मी बाटल्या काढून दिल्या. लिहिताना तिचा चेहरा काही चांगला नव्हता.

२२ मे, गुरुवार

परवा पोहण्याची परीक्षा झाली. उंच काचेच्या बरणीत पाणी, पाय टेकत नाहीत. कोण धडपडतो, कोण नुसता तरंगतो, ते घड्याळ लावून मोजलं. बुडू कुणाला दिलं नाही.

आज चोवीसही गेले. झोपेचं औषध देऊन, नियमाने, दुखू न देता. मेंदू काढून बर्फात ठेवला, ते खत मोजायला दुसऱ्या विभागात पाठवतात. लोकांना वाटतं मला वाईट वाटत असेल. उंदीर मरणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मरायचंच आहे म्हणून जगताना कुणी पाठीवर बोट फिरवू नये असं कुठे आहे? मीही मरणारच आहे.

बावीस नंबरला मीच नेऊन दिला. रिकामे पिंजरे दोनदा धुतले. एकदा पुरलं असतं.

२७ मे, मंगळवार

वाईट दिवस.

मी सरांच्या केबिनबाहेर फरशी पुसत होते, दार अर्धं उघडं. कान लावले नाहीत. लावायची गरज नव्हती.

"हे काय आहे वल्लरी? लालांमधले निम्मे उदास, निम्मे टुणटुणीत? सहा आठवडे ताण दिल्यावर? हा असा निकाल कुणाचाच येत नाही."

"सर, मी वजनं तीन वेळा तपासलीत."

"मग कार्डं बदलली असतील. नाहीतर यादीप्रमाणे केलंच नाहीस. नाहीतर..."

"नाहीतर काय, सर?"

"नाहीतर आकडे घरी बसून भरलेस. अकरा जूनला कमिटी आहे. तुझी शेवटची मुदतवाढ त्यावर आहे. त्यांनी विचारलं तर मी तरी काय सांगू?"

ती बाहेर आली. रडत नव्हती. रडली असती तर मी काही म्हटलं असतं. सरळ प्राणीघरात गेली आणि रिकाम्या मांडणीसमोर स्टूलवर बसली, दोन तास. तोंड भिंतीकडे.

मी चहा नेला. म्हणाली, "आजी, मी काही केलं नाही हो." मी म्हटलं, कुणी म्हटलं केलंस? तिने मांडीवरचा कागद दाखवला. "हे बघा ना. हे सहा पार गळले, साखर नको, पोहायला नको. आणि हे सहा हिरव्यांसारखे. तीन, चार, आठ, अकरा, सतरा, बावीस. का? काहीच धागा नाही यांच्यात."

तीन, चार, आठ, अकरा, सतरा, बावीस.

माझ्या हातात किटली होती, ती खाली ठेवली.

बादली घेऊन बाहेर आले.

२८ मे, बुधवार

खरं लिहायचं तर घाबरले. चौसष्टाव्या वर्षी ठेकेदार दुसऱ्यांदा बोलावत नाही. पिंजऱ्यातल्या उंदराला नियम सोडून हात लावला, तेही रोज, हे कळलं तर उद्यापासून मी मांजरीच्या घरात टीव्हीसमोर. चैताली चांगली आहे. पण दिवसभर घरात बसलेली सासू चांगली राहत नाही, हे मला माझ्या सासूवरून माहीत आहे. मला हे काम आवडतं. दोन बस बदलून येते, पण येते.

आणि मी असं केलं काय? कोरडं होईतो धरला. चार मिनिटं. चार मिनिटांनी मेंदूत खत पडतं? मग जगात एवढी माणसं सुकलेली का? चार मिनिटं कुणाकडे नाहीत?

असले प्रश्न विचारून मला सुटता येणार नाही, हेही मला कळतं. नंबर तेच आहेत.

ती आज आलीच नाही.

३० मे, शुक्रवार

आली. केस धुतलेले नाहीत. टेबल आवरत होती, पुस्तकं पिशवीत भरत होती. म्हणाली, "सोडते आजी. घरी सांगितलंय."

म्हटलं, पिशवी खाली ठेव आणि ऐक. ते सहा कोण ते मला माहीत आहे.

मग सगळं सांगितलं. खालचा कप्पा, ओला भुसा, ॲप्रनची बटणं, ओटी, खांदा. माझं संपल्यावर विचारते, "रोज?"

"रविवार सोडून. रविवारी कुणीच भुसा बदलत नाही."

"सहा आठवडे?"

"सहा आठवडे."

"वरच्यांना एकदाही नाही?"

"खांदा जात नाही गं वर. सांगितलं ना."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडायला हवंच होतं, मी तिचं सहा आठवड्यांचं काम पाण्यात घातलं होतं. ती हसायला लागली. मग ते हसणं रडण्यात गेलं, मग परत हसण्यात, कुठलं कुठे संपलं ते कळलं नाही. मी उभी राहिले. पाठीवर हात ठेवला. तिची पाठ उंदरापेक्षा फार जाड नाही.

"हे कुठे लिहिलंय का, आजी? रजिस्टरात?"

"रजिस्टरात दोन ओळींची जागा आहे," मी म्हटलं आणि पिशवीतून ही वही काढली.

१ जून, रविवार

तिला घरी जेवायला बोलावलं. माझी चूक, भरपाई माझी. मांजरीपर्यंत बसने आली, ऊन लागून लाल झाली होती. चैतालीने मटण केलं, मी भाकरी. जेवली. किती ते मोजलं नाही, पण तिसरी भाकरी मी वाढलेली नाही, तिने घेतली.

दुपारी अवनी तिच्याकडे गोष्ट ऐकायला गेली ती तिच्या मांडीवरच झोपली. नऊ वर्षांची घोडी, पाय जमिनीवर लोळत होते. वल्लरी म्हणाली, "उठवू का? पाय बधिर झालाय." चैताली म्हणाली, "राहू दे गं, उठली की डोकं खाईल." राहिली तशीच बसून. तासभर.

चार वाजता चहा केला. सवयीने तिचा बिनसाखरेचा. एक घोट घेतला, कप खाली ठेवला, अवनीला बाजूला केलं आणि स्वतः उठून ओट्यावरचा साखरेचा डबा काढला. दोन चमचे घातले. ढवळताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं आजी?"

"काही नाही. डब्याचं झाकण नीट लाव, मुंग्या येतात."

४ जून, बुधवार

सरांसमोर उभं राहायचा दिवस. वल्लरी सांगत होती, मी शेजारी. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"ओटी," म्हणाले. "मावशी, मी कमिटीला ओटी सांगू?"

"अहो सर, मी सांगितलं ते खरं आहे की नाही तेवढं बघा. कमिटीला काय सांगायचं ते शिकलेल्यांनी ठरवावं. माझी चौथी झाली आहे."

"नियम माहीत होता ना?"

"होता."

"मग?"

"ओला होता, सर."

सरांनी वही मागितली. मी खुणेची पानं उघडून दिली, बाकीची रबर लावून बंद केली होती, घरच्या गोष्टी आहेत. नऊ एप्रिल वाचलं. पाच मे वाचलं. पाच मे दोनदा वाचलं. मग कागदावरचे नंबर बघितले.

"वरच्या सहांना का नाही घेतलंत?"

"खांदा."

त्यांनी डायरीत लिहिलं. काय ते मी वाचलं, उलटं वाचता येतं मला, एकतीस वर्षं साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आहे. लिहिलं होतं: खांदा.

मग वल्लरीला म्हणाले, "मी त्या दिवशी आकड्यांबद्दल बोललो ते..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मी म्हटलं, "सर, पुरं करा." केलं. "चुकलं माझं," म्हणाले. आवाज लहान होता, पण ऐकू आला. पाठोपाठ हेही म्हणाले, "पण मावशी, वहीने एवढंच कळतं की तुम्ही हात लावलात. त्याने फरक पडला हे वहीने सिद्ध होत नाही. मेंदूचे आकडे येऊ द्या. ते मोजणाऱ्यांना वर कोण, खाली कोण, माहीत नाही."

हे मला पटलं. माणूस अगदीच टाकाऊ नाही.

९ जून, सोमवार

आकडे आले.

वरच्या सहांचं खत कमी. खालच्या सहांचं हिरव्यांच्या जवळपास. अकरा नंबर तेवढा मधेच कुठेतरी लोंबकळला आहे, तो मला पहिल्यापासून घुम्या वाटायचा.

सर स्वतः प्राणीघरात आले. एवढ्या वर्षांत तिसऱ्यांदा. म्हणाले, सहा उंदरांवरून जग ठरत नाही, हे नुसतं बोट दाखवतं, सिद्ध काही होत नाही. सगळं पुन्हा करायचं, नीट, चिठ्ठ्या टाकून. लालांमधल्या निम्म्यांना रोज हातात घ्यायचं, निम्म्यांना नाही, आणि मोजणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. मग त्या दोघांनी ओटीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर अर्धा तास घातला. काहीतरी लांबलचक निघालं. मी म्हटलं, त्यापेक्षा पदर शिकवा त्यांना.

वल्लरी कागदावर रकाने आखत होती. भराभर. मला न विचारता माझ्या डब्यातला गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. चोरटी.

पण कमिटी राहिली आहे, अकरा तारखेला. ते पहिल्याने विचारणार, नियम कुणी मोडला. ती संध्याकाळी म्हणाली, "मी सांगणार आजी, देखरेख माझी होती, चूक माझी. तुमचं नाव घ्यायचं नाही. ठेकेदाराला कळलं तर तुम्हाला काढतील." सरांनीही मान हलवली. दोघांनी मिळून मला वाचवायचं ठरवलं आहे. मला विचारलं नाही. चैतालीची जात.

१० जून, मंगळवार

वल्लरी, ही वही उद्या तुझ्याकडे देते आहे, म्हणून हे शेवटचं पान तुझ्यासाठी. रबर लावलेली पानं वाचू नकोस. वाचशीलच, तर चैतालीबद्दल लिहिलंय ते तिला सांगू नकोस. तिला माहीत आहे.

मी रात्री नीट झोपले. कामावरून काढलं तर काढलं. भिंतीकडे तोंड करून बसायची माझी पाळी होऊन गेली आहे, पुन्हा बसणार नाही, आणि बसलेच तर मांडीवर काहीतरी आणून टाका, विचारू नका. पण तू माझ्या चुकीवर तुझं नाव लिहायचं नाही. चूक माझी, तर तिच्यातून काही चांगलं निघालं तेही निम्मं माझं. कागदावर लिहिताना हाताळणी कुणी केली असं विचारतात ना, तिथे लिही: चंद्रभागा कचरू गायकवाड, चौथी पास. स्पेलिंग अवनीला विचार, तिला येतं.

उद्या सकाळी नीट जेवून ये. केस धू. मी पांढरी साडी नेसून बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. आकडे तू सांगायचे, तुझे आहेत. पण उंदरांना हात कुणी लावला आणि का लावला, असं कुणीही विचारलं, मग तो कितीही मोठा असो, तू तोंड उघडायचं नाहीस, सरांनीही नाही. दार उघडायचं आणि मला आत बोलवायचं. त्याचं उत्तर मी देणार.